एका दिवसात दिल्ली? मग शहाजहानाबादच्या बाहेर पडूच नका

चैत्रपालवी (धागाकर्ती)

दर थंडीत इथे कुणीतरी विचारतंच, "दिल्लीत एकच दिवस मिळतोय, काय काय बघू?" आणि उत्तरादाखल तीच यादी येते. सकाळी कुतुबमिनार, मग लोटस टेंपल, हुमायूनची कबर, इंडिया गेट, संध्याकाळी अक्षरधाम आणि जेवायला कॅनॉट प्लेस. ही यादी मला अजिबात मान्य नाही. यात निम्मा दिवस टॅक्सीत जातो, प्रत्येक ठिकाणी फोटो काढण्यापुरतंच थांबणं होतं आणि परत आल्यावर लक्षात राहतो तो ट्रॅफिक. एकच दिवस असेल तर एकच दिल्ली निवडा आणि ती पायी बघा. आणि निवडायचीच तर शहाजहानाबाद, म्हणजे आपण जिला जुनी दिल्ली म्हणतो ती. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सरळ रेषेत जेमतेम दीड किलोमीटर. तेवढ्यात किल्ला, देवळं, गुरुद्वारा, मशिदी, मसाल्याचा बाजार आणि देशातलं उत्तम म्हणावं असं रस्त्यावरचं खाणं, सगळं आहे.

या जानेवारीत आम्ही कॉलेजातले पाच जण दिल्लीत जमलो. एक मैत्रीण नोकरीनिमित्त तिथेच राहते, बाकीचे पुणे, नागपूर, कोल्हापूरहून आलेले. दिवस कसा गेला ते सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग होईल.

सकाळी आठला चावडी बाजार मेट्रोच्या जिन्यातून वर आलो तेव्हा हौज काझीचा चौक धुक्यात होता. दुकानांची शटरं खाली, फक्त हलवायांच्या कढया पेटलेल्या. न्याहारीला बेडमी आणि नागोरी. बेडमी म्हणजे वाटलेली उडदाची डाळ भरलेली कणकेची कडक पुरी. सोबत हिंगाच्या वासाची पातळ बटाट्याची भाजी आणि मेथीदाण्याची आंबटगोड चटणी. नागोरी रव्याची, तळहातात मावणारी, खुसखुशीत. अंगठ्याने तिचा पापुद्रा फोडायचा, आत गरम शिरा भरायचा आणि वरून तीच तिखट भाजी. शिरा आणि बटाट्याची भाजी एका घासात म्हटल्यावर कोल्हापूरच्या मित्राने आधी मान हलवली. दुसरी नागोरी मात्र त्यानेच सगळ्यांच्या आधी मागितली.

तिथून किनारी बाजाराच्या दिशेने निघालो आणि दौलत की चाटवाला दिसला. हा पदार्थ फक्त थंडीतला, दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. दूध आणि साय रात्री उघड्या थंडीत ठेवतात, पहाटे घुसळतात आणि वर येणारा फेस अलगद उचलून परातीत थरावर थर लावत जातात. परातीवर मलमलीचं फडकं. मागितलं की द्रोणात तीन-चार चमचे फेस, त्यावर केशराचा पिवळा थर, भुरभुरलेला खवा, बुरा साखर, पिस्त्याचे काप. चमचा आत घालताना हाताला काही लागतच नाही. जिभेला आधी गारवा कळतो, मग दुधाचा वास, आणि चावावं म्हणेपर्यंत तोंडात फक्त खव्याचे कण उरलेले असतात. ऊन वर आलं की फेस बसू लागतो, त्यामुळे हे सकाळीच खायचं. बनारसला याला मलइयो म्हणतात, लखनौला निमिष. नागपूरच्या मैत्रिणीने खाऊन झाल्यावर द्रोण नाकाशी धरून वास घेतला, तो क्षण मला दिवसभर आठवत होता.

किनारी बाजारात लग्नाच्या जरी-गोट्याची दुकानं. तिथेच एका बोळात नौघरा आहे: नऊ जुनी घरं, रंगवलेल्या चौकटी आणि टोकाला श्वेतांबर जैन मंदिर. बाहेर एवढी गर्दी, आत पाऊल टाकलं की आवाज एकदम खाली. लोक राहतात तिथे, त्यामुळे दारांचे फोटो काढताना घरच्यांना विचारा.

मग दरीब्यातून, म्हणजे चांदीच्या दागिन्यांच्या गल्लीतून, चांदणी चौकात. कोपऱ्यावरच्या जलेबीवाल्याचं दुकान १८८४ पासूनचं. जाड, तुपातली जिलबी, आपल्याकडच्या नाजूक वेढ्यांशी तिची तुलना नको. थंडीत ती हातात धरणंसुद्धा सुखाचं होतं.

शीशगंज गुरुद्वाऱ्यात आम्ही बराच वेळ बसलो. १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकुमाने गुरू तेगबहादूर यांचा इथे शिरच्छेद झाला. त्यांच्याआधी भाई मतीदास, सतीदास आणि दयाला यांना मारलं गेलं. समोरच्या चौकाला भाई मतीदासांचं नाव आहे. गुरू तेगबहादूरांचे पुत्र गुरू गोविंदसिंग पुढे आपल्या नांदेडला आले आणि १७०८ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. म्हणजे हुजूर साहिबला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाचा या जागेशी धागा आहे. आम्ही डोकं झाकून आत गेलो, कीर्तन ऐकलं, कडा प्रसाद घेतला. शेजारी सुनहरी मशीद. १७३९ मध्ये नादिरशहा इथे बसून होता आणि बाहेर दिल्लीची कत्तल चालू होती. इतक्या कमी अंतरात हे सगळं घडलंय हे पायी चालल्याशिवाय अंगावर येत नाही.

गौरीशंकर मंदिर चुकवू नका. लाल जैन मंदिराला लागूनच आहे. शिंद्यांच्या पदरी असलेल्या अप्पा गंगाधर यांनी ते बांधलं असं सांगतात. किल्ल्याच्या तोंडासमोर मराठी सरदाराने बांधलेलं शंकराचं देऊळ, आणि आपली माणसं त्याच्यासमोरून तिकीट खिडकीकडे धावतात!

लाल किल्ल्याला दोन-अडीच तास दिले. सोमवारी बंद असतो हे ध्यानात ठेवा. छत्ता चौकाचा झाकलेला बाजार, नौबतखाना, दिवाण-इ-आम हे ओलांडून दिवाण-इ-खासपाशी आलो. मयूरासन इथेच होतं, ते नादिरशहाने नेलं. मी मात्र वर बघत होते. आज दिसतं ते लाकडी छत १९११ मध्ये रंगवलेलं आहे. मूळचं चांदीचं होतं. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा पावसाळ्याने यमुना तुडुंब, पलीकडे अब्दाली, जवळ पैसा नाही, फौजेचा पगार थकलेला. भाऊंनी ती चांदी उतरवून नाणी पाडली. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. मला त्या छताखाली उभं राहून अभिमान वाटला नाही आणि लाजही वाटली नाही. शेकडो कोस दूर आलेल्या, उपाशी होत चाललेल्या फौजेची काळजी वाटली. मित्रांना हे सांगितलं, तर तिथल्या हिरवळीवर अर्धा तास फक्त त्यावरच बोलणं झालं. असं निवांत बसायला मिळावं म्हणूनच मी एका दिवसात पाच जागा नको म्हणते.

जेवायला पराठेवाली गल्ली. इथला पराठा तव्यावर भाजत नाहीत, लोखंडी कढईत तुपात तळतात. बटाटा, फ्लॉवर, मटार नेहमीचे, पण पापड, लिंबू, कारलं, रबडी असेही. थाळीत बटाट्याची रस्सा भाजी, लाल भोपळ्याची भाजी आणि केळ्याचे काप घातलेली चिंचेची चटणी. माझं प्रामाणिक मत: पराठे जड आहेत आणि एक माणशी पुरे. भोपळ्याची भाजी आणि ती चटणी मात्र पुन्हा पुन्हा मागून घ्या. पाच जणांनी पाच वेगळे मागवून वाटून खाल्ले, तोच मार्ग उत्तम.

दुपारी सायकलरिक्षाने फतेहपुरीला आणि पुढे खारी बावलीत, म्हणजे मसाल्याच्या बाजारात. गडोदिया मार्केटच्या जिन्यात मिरचीच्या पोत्यांमुळे सगळे खोकत होतो, हमालसुद्धा तोंडाला फडकं बांधून. गच्चीवर पोचलो तर एका अंगाला फतेहपुरीचा घुमट आणि खाली चौकात हळद, सुंठ, बदामाची पोती उतरत होती. शहाजिरं, जर्दाळू आणि काश्मिरी केशर घेतलं. केशर ओळखीशिवाय सुटं घेऊ नका. बल्लीमारानमधली गालिबची हवेली लहानशी, पण जरूर बघा.

सूर्य कलताना जामा मशीद. १६५६ मध्ये पुरी झाली. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून आधी वेळ विचारून ठेवली होती. दक्षिणेकडच्या मिनाराला १३० पायऱ्या, अरुंद, अंधाऱ्या. वर चार माणसं उभी राहतील एवढीच जागा. खाली गच्च्यांवर कबुतरं उडवणारी पोरं शिट्या मारत होती, एका बाजूला लाल किल्ल्याची भिंत, दुसरीकडे दूर नव्या दिल्लीच्या इमारती. मग समोरच्या मटिया महाल नावाच्या गल्लीत जेवण आणि शेवटी सीताराम बाजारातल्या बोळात जाऊन कुल्फी. आंब्यातली कोय काढून आत रबडी भरून गोठवतात आणि साल सोलून चकत्या करून देतात.

खाण्यापिण्याचा खर्च माणशी हजार-बाराशेच्या आसपास झाला. प्रश्न असतील तर विचारा, आणि तुमच्या जागाही सांगा.

---

गल्लीबोळ

चैत्रपालवी, किती मनापासून लिहिलंयस! लग्न होऊन दिल्लीत आले त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि सासरच्यांनी मला पहिल्यांदा नेलं ते दरीब्यातच, पैंजण घ्यायला. थोडी भर घालते.

रविवारी जाणार असाल तर चांदणी चौकातली बहुतेक दुकानं बंद असतात. गर्दी कमी, इमारतींचे वरचे मजले नीट दिसतात, पण खारी बावली वगैरे बघायची तर कामाचा वार हवा. रविवारचा फायदा म्हणजे जुन्या पुस्तकांचा बाजार. पूर्वी दर्यागंजच्या पदपथावर भरायचा, २०१९ पासून तिथून जवळच महिला हाटच्या आवारात भरतो. किलोवर पुस्तकं मिळतात. मला तिथे मराठी पुस्तकंही मिळाली आहेत.

चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद आहे. त्यामुळे आईवडिलांना घेऊन जाणं पूर्वीपेक्षा खूप सोपं झालंय. मध्ये बसायला दगडी बाकही आहेत.

आणि दहीभल्ले राहिले की गं! मेट्रोच्या तोंडाशीच, १९४० पासूनचं दुकान. उभ्याउभ्या खायचे.

---

दख्खनचा_पांथस्थ

लेख आवडला, पण मुद्दा पटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा दिल्लीला जाणाऱ्या आणि कदाचित पुन्हा न जाणाऱ्या माणसाला तुम्ही हुमायूनची कबर बघू नको म्हणताय? माझे वडील शाळामास्तर होते. त्यांनी चाळीस वर्षं मुलांना कुतुबमिनार शिकवला आणि निवृत्तीनंतर तो डोळ्यांनी बघितला. मिनाराला हात लावून ते रडले. त्यांना मी बेडमी पुरी खायला नेलं असतं तर चाललं असतं का?

एका दिवसाचा माझा बेत असा असतो: सकाळी हुमायूनची कबर, तिथून चालत सुंदर नर्सरी ही बाग, दुपारी निजामुद्दीन वस्तीत जेवण, संध्याकाळी राष्ट्रीय युद्ध स्मारक आणि इंडिया गेट. गुरुवार असेल तर निजामुद्दीन दर्ग्यात कव्वाली. हुमायूनच्या कबरीच्या चबुतऱ्यावर उभं राहिलं की ताजमहालाची तयारी इथे झाली हे कुणी न सांगता कळतं. ती शांतता चांदणी चौकात मिळत नाही.

---

चैत्रपालवी

पांथस्थ, तुमच्या वडिलांबद्दल वाचून गलबलून आलं. त्यांना कुतुबलाच न्यायला हवं होतं, त्यात वादच नाही. ज्याला जी जागा आयुष्यभर बघायची आहे ती त्याने आधी बघावी.

आणि तुमचा बेत बघा ना: तोही जवळपास एकाच भागातला आहे. कबर, नर्सरी, वस्ती, सगळं चालत. माझा विरोध शहरभर धावण्याला आहे. निजामुद्दीनचा दिवस मला मनापासून मान्य. गालिबची हवेली बल्लीमारानात आणि कबर निजामुद्दीनमध्ये, तेव्हा कुणाला दोन दिवस मिळाले तर हे दोन बेत लागोपाठ करावेत. जुन्या दिल्लीचा आधी, कारण तिथे पाय जास्त दुखतात.

---

इतिहासवेडा_सातारा

१७६० चा उल्लेख वाचून बरं वाटलं, पण लाल किल्ल्याशी आपलं नातं तिथे थांबत नाही. पानिपतानंतर दहाच वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये मोगल बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणात राजधानीत परतला. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने किल्ला बळकावला, बादशहाचे डोळे काढले, जनानखान्याचे हाल केले. महादजींच्या फौजेने त्याला हुसकावून लावलं आणि बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं. तेव्हापासून १८०३ पर्यंत किल्ल्यावर शिंद्यांचा अंमल होता. ११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि मगच इंग्रज दिल्लीत शिरले. इंग्रजांनी दिल्ली जिंकली ती मराठ्यांकडून, हे आपल्या शाळेतल्या पोरांना ठाऊक असलं पाहिजे.

म्हणून दिवाण-इ-खाससमोर मराठी माणसाने चांदीच्या छताबरोबर हेही आठवावं. त्या आंधळ्या बादशहाला सांभाळणारी फौज आपली होती.

अजून एक जागा: तालकटोरा. १७३७ च्या मार्चअखेर पहिला बाजीराव अचानक दिल्लीच्या दारात येऊन धडकला तेव्हा मराठ्यांचा तळ याच भागात पडला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच तालकटोरा स्टेडियममध्ये झालं. मी गेलो होतो. मांडवात कुणीतरी 'जय भवानी' म्हणालं आणि अंगावर काटा आला.

---

येरळाकाठ

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. एरवी मी नुसता वाचतो.

तुम्ही दरीबा, किनारी बाजार फिरलात, पण त्याच चांदणी चौकात कूचा महाजनी आहे. दिल्लीचा सोन्याचा घाऊक बाजार. तिथल्या जिन्यांवर, बोळांत तुम्हाला सांगली-साताऱ्याची मराठी ऐकू येईल. आम्ही विटा-खानापूर भागातले. आटपाडी, तासगाव, माण, खटाव इकडची आमची माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईचा धंदा करतात. भाग दुष्काळी, शेतीवर भागेना, म्हणून आजोबा-पणजोबा बाहेर पडले आणि सोनं-चांदी आटवायचं काम शिकले. आज केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ पेठेत जा, आमचा माणूस भेटणारच.

काम काय, तर सोनार जुना दागिना किंवा तुकडे आणून देतो. मुशीत घालायचं, टाकणखार टाकायचा, भट्टीत आटवायचं, तेजाबाने शुद्ध करायचं आणि लगड पाडून द्यायची. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा आमचे लोक विकत घेतात आणि त्यातून सोनं काढतात. काका ज्या खोलीत काम करायचे तिला एक झरोका होता. तेजाबाच्या धुराने त्यांच्या शर्टाच्या बाह्यांना भोकं पडलेली असायची. त्या कमाईतून गावात विहीर झाली, बहिणीचं लग्न झालं, माझं शिक्षण झालं.

गणपतीला करोल बाग आणि चांदणी चौक भागातली आमची मंडळी आरती अशी म्हणतात की दिल्लीकर थांबून बघतात. कुणाला दिल्लीतला मराठी माणूस बघायचा असेल तर दिल्लीच्या सरकारी भवनांइतकाच तो या बोळांतही आहे.

---

चैत्रपालवी

येरळाकाठ, हा प्रतिसाद मूळ लेखाच्या वर लावायला हवा. किनारी बाजारातून जाताना एका जिन्याच्या तोंडाशी "आरं, वर ये की" असं ऐकू आलं होतं आणि आमचा कोल्हापूरचा मित्र थबकला होता. गर्दीत माणूस दिसला नाही. आता कळलं. तुम्ही जमेल तेव्हा गलाईवर स्वतंत्र धागा काढाच. काकांबद्दल अजून वाचायचंय.

---

इतिहासवेडा_सातारा

येरळाकाठ, +१. आमच्या खटावचे कितीतरी लोक यात आहेत. जरूर लिहा.

---

अन्नपूर्णा_नाशिक

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे निघालोय. सोबत सासूबाई (गुडघे दुखतात) आणि सात वर्षांची लेक. तीन प्रश्न आहेत. रस्त्यावरचं खाऊन मुलीचं पोट बिघडेल का? हवा कशी असते? आणि सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, त्यांचं कसं करू?

---

गल्लीबोळ

अन्नपूर्णाताई, सासूबाईंची काळजीच सोडा. जुनी दिल्ली बनिया आणि जैन घरांची, कांदा-लसणाशिवायचं खाणं इथलं मूळचं. पराठेवाल्या गल्लीतली जुनी दुकानं त्याच पद्धतीची आहेत. बेडमीची भाजीही बहुतेक ठिकाणी हिंग-आल्यावर असते. तरी मागवण्याआधी विचारून घ्या.

मुलीला समोर तळलेलं, उकळतं असेल तेच द्या. चटण्या, उसाचा रस, बर्फ टाळा. पाणी बाटलीचं. दौलत की चाट कच्च्या फेसाची असते, तेव्हा लहान मुलाला चमचाभर चाखवा, द्रोणभर नको. तुम्ही स्वतः मात्र खाच.

हवेचं खरं सांगते: नोव्हेंबर-डिसेंबरात लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना मी बोलावतच नाही. फेब्रुवारीत वारा सुटतो, ऊन छान असतं, थंडीही सोसवेल अशी. तुम्ही योग्य वेळ निवडली आहे.

गुडघ्यांसाठी: चावडी बाजारपासून सुरुवात करू नका, लाल किला मेट्रोला उतरा. लाल जैन मंदिर, गौरीशंकर आणि किल्ला तिथेच आहेत. किल्ल्याच्या आत मात्र चालणं बरंच आहे, मध्येमध्ये बसवा. नंतर सायकलरिक्षा ठरवून फतेहपुरीपर्यंत. भाडं बसायच्या आधी ठरवा आणि "दुकान दिखाऊंगा" म्हटलं की ठामपणे नाही म्हणा. मिनाराच्या पायऱ्या सासूबाईंनी चढू नयेत.

लेकीला लाल जैन मंदिराच्या आवारातलं पक्ष्यांचं रुग्णालय नक्की दाखवा. मांजाने पंख कापलेली कबुतरं, पोपट, चिमण्या पिंजऱ्यांत बऱ्या होत असतात. माझा मुलगा लहान असताना तिथून निघायलाच तयार नव्हता.

---

रस्सामंडळ

मटिया महालावर एका ओळीत बोळवण केलीत! तिथला खरा ऐवज मी लिहितो.

करीम १९१३ पासूनचं. मोगलांच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांच्या वंशजाने काढलेलं. संध्याकाळी कबाब, कोरमा सगळे खातात, पण जुन्या दिल्लीत मांसाहार करायचा तर निहारीसाठी जा. मटण, नळी रात्रभर मंद आचेवर शिजत असते आणि सकाळी देग (मोठं हंडं) उघडते. रस्सा दाट, पिठाने बांधलेला, वर लालभडक तवंग. वाढताना वरून आल्याच्या उभ्या काड्या, हिरवी मिरची, लिंबू. तो खमिरी रोटीशी खायचा. खमिरी जाड, मऊ, आंबवलेल्या पिठाची, रस्सा ओढून घेते. आपल्या तांबड्या रश्शावर वाढलेला माणूस पहिल्या घासाला म्हणेल "झणका कुठाय?", पण दोन-तीन घासांनी मज्जेची चव चढते आणि मग हात थांबत नाही. चांगल्या ठिकाणी देग लवकर संपते, तेव्हा उशीर करू नका.

खाऊन झालं की शीरमाल (गोडसर रोटी) बांधून घ्या, प्रवासात दोन दिवस टिकतो. उन्हाळ्यात गेलात तर गल्लीच्या तोंडाशी दूध, कलिंगडाचे तुकडे आणि रूह अफझाचं सरबत मिळतं. ते रूह अफझाही याच शहरातलं: हमदर्द दवाखाना १९०६ मध्ये जुन्या दिल्लीतच सुरू झाला.

---

सुरंगी

सगळं छान, पण राजधानीचं म्हणून जे खास खाणं आहे ते कुणीच लिहिलं नाही. दिल्लीत प्रत्येक राज्याचं भवन आहे आणि बऱ्याच ठिकाणी उपाहारगृह बाहेरच्यांनाही खुलं असतं. आंध्र भवनाच्या थाळीला दुपारी रांग लागते: पप्पू (वरण), गोंगुरा (अंबाडी), पोडी (कोरडी चटणी), तूप, हवं तितकं वाढतात. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात थालीपीठ, पिठलं-भाकरी मिळते. दिल्लीत यूपीएससीची तयारी करणारी आमची भाची आठवडाभर बाहेरचं खाऊन कंटाळली की तिथे जाते आणि मला वरणभाताचा फोटो पाठवते. एका दिवसाच्या पाहुण्याला याची गरज नसेल, पण मुलं शिकायला ठेवली असतील तर हा पत्ता त्यांना जरूर सांगा.

---

चैत्रपालवी

सुरंगी, अगदी खरं. एक दिवसासाठी गेलेल्याने दिल्लीत पिठलं खाऊ नये असं माझं ठाम मत, पण घरापासून लांब राहणाऱ्या मुलांसाठी ती जागा फार मोलाची आहे.

रस्सामंडळ, निहारी सकाळची म्हणून आमची हुकली. बेडमी की निहारी, एका सकाळी दोन्ही शक्य नाही. यावर मित्रांच्या गटात अजून वाद चालू आहे, आता तुमचा प्रतिसाद तिकडे पाठवते.

---

अन्नपूर्णा_नाशिक

गल्लीबोळताई, सगळं लिहून घेतलं. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, किल्ला तुम्ही बघा, मी गौरीशंकराच्या देवळात बसते आणि मग शीशगंजात. त्यांना नांदेडची आठवण झाली. यजमान निहारीसाठी पहाटे एकटे जाऊन येणार म्हणतायत. येरळाकाठभाऊ, कूचा महाजनीत आमच्यासारख्या बाहेरच्यांनी नुसतं बघायला आलेलं चालतं का?

---

येरळाकाठ

या की ताई. कामाच्या खोल्यांत तेजाबाचा धूर असतो, लेकीला तिथे आत नेऊ नका, पण खाली बोळातून चक्कर मारा. दुपारी बारानंतर बाजार भरतो, रविवारी बंद. व्यक्तिगत निरोपात तारीख कळवा, चुलतभाऊ तिथेच आहे, तो चहा पाजेल.